चिपला किती व्होल्ट द्यायचे, हे ठरवतं कोण?

एएमडी कंपनीचा 'के-६' हा प्रोसेसर १९९७ मध्ये बाजारात आला. त्याच्या माथ्यावर कंपनीचं नाव, मॉडेलचा क्रमांक आणि व्होल्टेजचे दोन आकडे छापलेले असत. १६६ आणि २०० मेगाहर्ट्झच्या के-६वर ते होते २.९ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. पहिला आकडा प्रोसेसरच्या गाभ्यासाठी, म्हणजे 'कोअर'साठी. दुसरा बाहेरच्या भागांशी बोलणाऱ्या तारांसाठी.

कम्प्युटर जोडणारा माणूस हे आकडे वाचायचा, मदरबोर्डसोबत आलेली पुस्तिका उघडायचा, त्यातला तक्ता शोधायचा आणि त्याप्रमाणे बोर्डावरचे जंपर बसवायचा. जंपर म्हणजे नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी, आत धातूची पट्टी. ती दोन पिनांवर बसवली की त्या जोडल्या जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून 'असेंबल्ड पीसी' बांधून देणाऱ्यांसाठी हे रोजचं काम होतं.

तक्ता चुकीचा वाचला तर? व्होल्टेज कमी पडलं तर मशीन सुरूच व्हायचं नाही, किंवा सुरू होऊन मध्येच अडकायचं. थोडं जास्त झालं तर मजेत चालायचं, पण तापायचं. फारच जास्त झालं तर प्रोसेसर कायमचा जायचा. काहीही झालं तरी आकडा डोळ्यांसमोर छापलेला होता, जंपर कुणीतरी हाताने बसवला होता आणि चूक कुणाची हे कळत होतं.

आज तुमच्या खिशातला फोन आपल्या प्रोसेसरचं व्होल्टेज एका सेकंदात कित्येकदा बदलतो. ते तुम्हाला दिसत नाही आणि तुम्हाला कुणी विचारतही नाही. हा आकडा माणसाच्या बोटांतून मदरबोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून चिपच्या पोटात आणि तिथून कंपनीच्या हातात कसा गेला, त्याची ही गोष्ट. आकड्यासोबत जबाबदारीही हलली का, हा त्यातला खरा प्रश्न.

विहिरीवरची मोटर आणि चिप

व्होल्टेज हा शब्द आपल्याला शाळेच्या आधी घरात कळतो. 'आज व्होल्टेज कमी आहे' म्हणजे पंखा संथ फिरणार, ट्यूब लुकलुकणार. गावाकडे व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर जळते. तेवढंच काम ओढण्यासाठी ती जास्त करंट घेते आणि वाइंडिंग तापतं. म्हणून कमी व्होल्टेजची भीती आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

चिपचं गणित निराळं आहे. प्रोसेसर म्हणजे कोट्यवधी ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक बटण. व्होल्टेज जास्त असेल तर बटण पटकन पडतं, कमी असेल तर सावकाश. प्रोसेसरचं घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. घड्याळाचा पुढचा ठोका पडेपर्यंत बटण पडलं नसेल, तर उत्तर चुकतं. म्हणजे व्होल्टेज कमी पडलं की चिप जळत नाही, ती हिशोब चुकते.

मग थोडं जास्तच का देऊ नये? कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.२ व्होल्टचे १.३ केले, तर वाढ जेमतेम आठ टक्क्यांची दिसते, पण बटणांच्या उघडझापीतून निघणारी उष्णता सतरा टक्क्यांनी वाढते. शिवाय एक परिणाम सावकाश होतो. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता मिळून चिपचं वय लवकर वाढवतात. आतली अतिपातळ आवरणं झिजतात, तारांमधले धातूचे अणू करंटच्या रेट्याने जागचे हलतात. या दुसऱ्या प्रकाराला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. त्याने तार किती काळात तुटेल याचा अंदाज बांधणारं सूत्र मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं होतं.

म्हणजे व्होल्टेज कमी केलं तर चूक होण्याची भीती, वाढवलं तर आयुष्य घटण्याची. या दोहोंच्या मधे एक अरुंद पट्टा आहे. त्यात नेमकं कुठे उभं राहायचं, एवढाच हा सगळा खेळ आहे.

पाच व्होल्टची सवय

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता, कारण उत्तर ठरलेलं होतं: पाच व्होल्ट. १९६० च्या दशकात टीटीएल नावाच्या लॉजिक चिपा आल्या, त्या पाच व्होल्टवर चालत. पुढे सगळ्यांनी तोच आकडा धरला. इंटेलचा १९७८ चा ८०८६ पाच व्होल्टचा, २८६ पाच व्होल्टचा, ३८६ आणि सुरुवातीचे ४८६ही पाच व्होल्टचे. सगळे भाग एकमेकांशी जुळत असल्यामुळे तो बदलायला कुणी तयार नव्हतं.

भौतिकशास्त्र मात्र वेगळं सांगत होतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक निबंध लिहिला. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितकंच व्होल्टेजही खाली आणा. मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढणार नाही, असा त्याचा सारांश. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज पाचवरच अडून बसलं.

त्याची किंमत १९९३ मध्ये पहिल्या पेंटियमने मोजली. त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि तो पाच व्होल्टवर चालायचा. ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम कमाल १६ वॅटच्या आसपास उष्णता टाकायचा. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण तोवर बहुतेक घरगुती प्रोसेसर पंख्याशिवाय चालत आले होते. पेंटियमला पंखा लागला. पुढच्याच वर्षी इंटेलने ३.३ व्होल्टचा पेंटियम आणला. तो १०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट वेगाने चालूनही साधारण १० वॅटमध्ये भागवायचा. पाचाचे ३.३ केले की वर्गाच्या हिशोबाने उष्णता निम्म्याहूनही खाली येते, त्याचा हा परिणाम.

पहिल्या पेंटियमच्या कामाचं नेतृत्व करणारे विनोद धाम पुण्यात जन्मलेले. पुढे इंटेल सोडून ते नेक्सजेन कंपनीत गेले. नेक्सजेन एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून के-६ घडला, ज्याच्या माथ्यावरच्या २.९ आणि ३.३ या आकड्यांनी आपण सुरुवात केली. पाच व्होल्टच्या सवयीचा शेवट आणि दोन वेगळ्या व्होल्टेजांच्या काळाची सुरुवात, अशी दोन्ही टोकं एका माणसाच्या कारकिर्दीत आहेत.

दोन व्होल्टेजं लागली, कारण कोअर झपाट्याने लहान होत होता आणि मेमरी, चिपसेट वगैरे शेजारी ३.३ वरच होते. इंटेलच्या पेंटियम एमएमएक्सनेही १९९७ मध्ये कोअरला २.८ आणि बाहेर ३.३ व्होल्ट मागितले. व्होल्टेज उतरवण्याचं काम मदरबोर्डाच्या गळ्यात पडलं. काही स्वस्त बोर्डांवर ते साध्या लिनिअर रेग्युलेटरने व्हायचं. पाच व्होल्ट घ्यायचे, २.८ पुढे द्यायचे आणि उरलेले २.२ उष्णता म्हणून उडवून टाकायचे. पाच अँपिअरचा करंट धरला तर अकरा वॅट नुसते वाया. त्या बोर्डांवर प्रोसेसरशेजारी आणखी एक अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक दिसायचा, तो यासाठी.

चिप बोलू लागली, आणि तिच्या तोंडाला टेप लागला

तेवढ्यात इंटेलने जंपरची गरजच संपवणारी युक्ती आणली होती. १९९५ च्या पेंटियम प्रोला चार जादा पिना होत्या. कुठली जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली, कुठली मोकळी. चार पिनांच्या अशा सोळा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे एक ठरलेला संदेश. बोर्ड त्या पिना वाचायचा आणि सांगितलेलं व्होल्टेज द्यायचा. या पद्धतीचं नाव व्हीआयडी, म्हणजे व्होल्टेजची ओळखपाटी. पेंटियम-२ मध्ये पिना पाच झाल्या.

आता कुणाला पुस्तिका वाचायला नको, चुकायला नको. चिप स्वतःच सांगणार, मला इतके व्होल्ट द्या.

पण ही भाषा इतकी सोपी होती की तिच्यात खोटं बोलणंही सोपं होतं. पेंटियम-२ आणि सुरुवातीचे सेलेरॉन एका छोट्या बोर्डावर यायचे आणि कडेच्या सोनेरी पट्ट्यांनी खाचेत बसायचे. ग्राउंडला जोडलेली पट्टी टेपने झाकली की बोर्डाला ती मोकळी वाटायची आणि संदेश बदलायचा. नेमक्या पट्ट्या झाकल्या की २.० व्होल्ट मागणारा सेलेरॉन २.२ मागतोय असं बोर्डाला वाटायचं. बारीक कात्री, चिकटपट्टी आणि स्थिर हात एवढ्यावर काम व्हायचं.

हा खटाटोप कशासाठी? ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. त्याचा वेग ६६ मेगाहर्ट्झ गुणिले साडेचार, म्हणजे ३००. साडेचारचा आकडा कंपनीने आत कुलूपबंद केलेला. पण ६६ च्या जागी बोर्डाचा वेग १०० केला की उत्तर ४५० येतं. त्याच सुमारास ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ साडेसहाशे डॉलरच्या पुढे विकला जात होता आणि हा सेलेरॉन दीडशे डॉलरच्या आत. बरेच ३००ए काही न करता ४५० वर पळायचे. जे अडखळायचे, त्यातल्या अनेकांना व्होल्टेजचा थोडासा टेकू पुरायचा.

तैवानच्या अबिट कंपनीने ही गरज ओळखली. तिने 'सॉफ्टमेन्यू' नावाने वेग आणि व्होल्टेज बायोसच्या पडद्यावर आणले. बायोस म्हणजे कम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. आता जंपर नको, टेप नको. कीबोर्डवरून आकडा निवडायचा आणि सेव्ह करायचं. १९९८ चा अबिट बीएच६ हा बोर्ड सेलेरॉन ३००ए सोबत जगभर खपला. बोर्ड चिपचं म्हणणं ऐकून घ्यायचा, पण शेवटचा शब्द मालकाचा राहायचा.

मधली जागा कुणाच्या मालकीची?

तीनशेवर विकलेली चिप साडेचारशेवर चालते, याचा अर्थ काय?

एकाच चकतीवर बनलेल्या दोन चिपा अगदी सारख्या नसतात. कुणाचे ट्रान्झिस्टर किंचित चपळ, कुणाचे किंचित मंद. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि गुणांप्रमाणे वेगवेगळ्या वेगांची लेबलं लागतात. लेबल लावताना कंपनी मुद्दाम जागा सोडते. उन्हाळ्यात तापलेली खोली, हलका पॉवर सप्लाय, धुळीने भरलेला पंखा आणि काही वर्षांचं वय, एवढं सगळं सोसूनही चिप चुकू नये म्हणून. शिवाय कधीकधी चांगल्या चिपाही बाजारात स्वस्त माल हवा म्हणून खालच्या लेबलावर विकल्या जातात.

ओव्हरक्लॉकिंग करणारा या मधल्या जागेवर हक्क सांगतो. चिप मी विकत घेतली, तिच्यात जे आहे ते माझं. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याच जागेवर दुसऱ्या कुणाचाही डोळा होता. नव्वदच्या दशकात काही व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचे आकडे खरवडून महागड्या प्रोसेसरचे आकडे छापायचे आणि तसा विकायचे. घेणाऱ्याला कळायचंही नाही की त्याच्या मशीनमधली राखीव जागा आधीच कुणीतरी खाल्ली आहे. इंटेलने गुणकाला कुलूप लावलं, त्यामागे या फसवणुकीचं कारण दिलं जायचं.

स्वतः जोखीम घेणारा आणि दुसऱ्याच्या वतीने गुपचूप जोखीम घेणारा, असे हे दोघे. दोघांनी केलेला बदल एकच. फरक एवढाच की एकात मालकाला माहीत होतं आणि दुसऱ्यात नव्हतं. पुढच्या पंचवीस वर्षांच्या गोष्टीत हा फरक लक्षात ठेवायला हवा.

माहीत असणाऱ्यांनीही किंमत मोजली. २००२ मध्ये आलेला पेंटियम-४ चा 'नॉर्थवुड' दीड व्होल्टवर चालायचा. उत्साही लोकांनी जुन्या सवयीने १.७ च्या वर दिले. चिपा सुरुवातीला झकास चालल्या आणि मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एकाएकी मेल्या. लोकांनी या प्रकाराला 'सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम' असं नाव ठेवलं आणि दोष इलेक्ट्रोमायग्रेशनला दिला. टक्क्यांत पाहिलं तर ही वाढ जुन्या चिपांइतकीच होती. पण तारा आता बारीक झाल्या होत्या आणि जुना अंदाज नव्या चिपेला लागू पडत नव्हता.

व्होल्टेज तळाला टेकलं

२००४ च्या सुमारास डेनार्ड यांचा नियमच थकला. व्होल्टेज एकाच्या आसपास आल्यावर आणखी खाली नेता येईना, कारण बटण 'बंद' असतानाही त्यातून करंट झिरपू लागला. इंटेलचा ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट शंभर वॅटच्या पुढे गेला. त्याच्यानंतर यायचा 'तेहास' हा प्रोसेसर कंपनीने मे २००४ मध्ये रद्द केला. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ही रद्द झाला. एका कोअरचा वेग वाढवत नेण्याचा रस्ता बंद झाला, म्हणून एकाऐवजी दोन, मग चार कोअर आले. तुमच्या फोनच्या जाहिरातीत 'ऑक्टा-कोअर' लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या तळाला टेकलेल्या व्होल्टेजमध्ये आहे.

दुसरा मार्ग होता तो व्होल्टेज स्थिर न ठेवण्याचा. २००० च्या जानेवारीत इंटेलने लॅपटॉपसाठी 'स्पीडस्टेप' आणलं. चार्जर लावलेला असताना ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. त्याच महिन्यात ट्रान्समेटा कंपनीने क्रुसो नावाचा प्रोसेसर जाहीर केला. तो कामाचा भार बघून वेग आणि व्होल्टेज दोन्ही चालता चालता बदलायचा. आजचे सगळे फोन याच तत्त्वावर जगतात. तुम्ही हा लेख वाचताना बोट थांबलं की कोअर झोपतात, स्क्रोल केलं की व्होल्टेज वर उसळतं.

व्हीआयडीच्या पिनाही मागे पडल्या. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजपासून डेस्कटॉपवरही प्रोसेसर आणि बोर्डाचा रेग्युलेटर यांच्यात बारीक तारांवरून सतत संवाद चालू असतो. आता इतके द्या, आता कमी करा, पुन्हा वाढवा. पूर्वी चिपेची मागणी जन्माच्या वेळी एकदाच ठरायची. आता ती क्षणाक्षणाला ठरते आणि ती ठरवतो चिपच्या आतला मायक्रोकोड, जो कंपनी अपडेट पाठवून बदलू शकते.

माणसाचा हात इथे अधिकृतपणे बाजूला झाला. बायोसमध्ये व्होल्टेजचा रकाना अजून असतो, पण बहुतेकांच्या मशीनमध्ये त्यासमोर एकच शब्द असतो: 'ऑटो'.

दार कुणासाठी बंद झालं?

काही लोक ऑटोवर समाधानी नव्हते. पातळ लॅपटॉप तापतात, पंखा ओरडतो, वेग पडतो. कंपनीने सोडलेल्या राखीव जागेतलं थोडं व्होल्टेज कापलं तर लॅपटॉप थंड राहतो आणि वेगही टिकतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यासाठी बायोसही लागत नसे, एक छोटं सॉफ्टवेअर पुरायचं.

डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्यूव्हेन आणि ग्राझ इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' जाहीर केलं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची गुप्त तिजोरी असते. तिच्यात चाललेलं काम ऑपरेटिंग सिस्टिमलाही दिसू नये, अशी तिची रचना. संशोधकांनी तिजोरीला हातच लावला नाही. त्यांनी नेमक्या क्षणी व्होल्टेज एवढं खाली आणलं की आतले गुणाकार चुकू लागले, आणि चुकलेल्या उत्तरांवरून त्यांनी गुप्त किल्ल्या शोधून काढल्या. व्होल्टेज कमी पडलं की चिप हिशोब चुकते, हे साधं सत्य त्यांनी शस्त्र म्हणून वापरलं.

इंटेलने मायक्रोकोड आणि बायोसच्या अपडेटमधून सॉफ्टवेअरने व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करण्याची सोय दिली. अनेक लॅपटॉपांवर अंडरव्होल्टिंग त्या दिवसापासून संपलं. धोका खरा होता. पण एसजीएक्स कधी वापरलंही नाही अशा माणसाचा लॅपटॉप एका अपडेटनंतर पुन्हा तापू लागला, हेही खरं होतं.

ज्यांनी काहीच केलं नव्हतं

एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या नव्या रायझन ७००० एक्सथ्रीडी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळल्याच्या बातम्या आल्या. फोटोंत चिपेला फुगवटा आलेला, बोर्डाच्या पिना काळवंडलेल्या. चौकशीत बोट एका व्होल्टेजकडे गेलं. मेमरी वेगात चालवण्याचा पर्याय निवडला की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या 'एसओसी' या भागाचं व्होल्टेज स्वतःहून बरंच वर न्यायचे. मालकाने फक्त मेमरीचा पर्याय चालू केला होता, व्होल्टेजला हातही लावला नव्हता. एएमडीने बोर्डाच्या कंपन्यांना नवा कोड देऊन १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

इंटेलचं प्रकरण याहून मोठं निघालं. २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम मध्येच बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा: व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्ड तपासलं, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकली. पण कार्ड निर्दोष होतं. प्रोसेसरच हिशोब चुकत होता.

सुरुवातीला बोट मदरबोर्ड कंपन्यांच्या सढळ सेटिंगकडे गेलं आणि त्यांचा वाटा होताही. पण जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की चिपचा स्वतःचा मायक्रोकोड जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्यांवर मर्यादा घातली. सप्टेंबरमध्ये मुळाशी असलेलं कारण जाहीर झालं. कोअरमध्ये घड्याळाचा ठोका सगळीकडे पोचवणारी यंत्रणा जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने अकाली म्हातारी होत होती. त्यातली एक परिस्थिती तर अशी होती, की मशीन रिकामं बसलेलं किंवा हलकं काम करत असताना चिप वाढीव व्होल्टेज मागायची. म्हणजे मालक जेवायला गेला तरी झीज चालू.

इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण मायक्रोकोड फक्त पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. शिवाय बायोस अपडेट करणं हे काम आजही बहुतेक घरांत कुणी करत नाही. म्हणजे तो १.५५ चा आकडा किती मशीनपर्यंत पोचणार, हा प्रश्न उरतोच.

या बिघाडाला इंटेलने दिलेलं नाव अर्थपूर्ण आहे: 'व्हीमिन शिफ्ट'. व्हीमिन म्हणजे न चुकता काम करायला लागणारं किमान व्होल्टेज. वय वाढलं की हे किमान वर सरकतं. काल १.२ मध्ये नीट चालणारी चिप आज १.२ मध्ये चुकते. म्हणजे चिप आपली गरज स्वतः सांगते, हे गृहीतकच डळमळीत आहे. ती सांगते आपल्या तरुणपणाची गरज.

खिशातला आकडा

हे सगळं फक्त मोठ्या डब्यांपुरतं आहे, असं समजू नका. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी एक अपडेट दिलं. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे प्रोसेसरने एकदम जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. अपडेटने अशा फोनचा वेग गुपचूप कमी केला. तांत्रिक दृष्टीने उपाय बरोबर होता. पण सांगितलं कुणी नव्हतं. लोकांना वाटलं फोन जुना झाला, आणि अनेकांनी नवा घेतला. डिसेंबरमध्ये हे उघड झालं, कंपनीने माफी मागितली, आणि २०२० मध्ये अमेरिकेतला खटला मिटवण्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यायला ती तयार झाली.

त्या गोंधळातून एक चांगली गोष्ट निघाली. २०१८ पासून आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत दिसू लागलं आणि वेग कमी करणारी सोय बंद करण्याचा पर्यायही आला. जोखीम तीच राहिली, फक्त ती आता मालकाला दिसू लागली.

जंपरचे दिवस परत यावेत, असं म्हणण्यात अर्थ नाही. सेकंदात कित्येकदा बदलणारं व्होल्टेज कुणी हाताने लावू शकत नाही आणि ऑटोमुळेच आपले फोन दिवसभर टिकतात. लोकांच्या हातात बायोसमधून व्होल्टेज आणून देणाऱ्या अबिटने २००८ च्या अखेरीस मदरबोर्ड बनवणं थांबवलं. आता मागे जाता येणार नाही.

पण ऑटो म्हणजे निर्णय झालाच नाही असं नाही. निर्णय झालेला असतो आणि तो दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. त्यात वेग आणि आयुष्य यांचा सौदा असतो. जाहिरातीतला गिगाहर्ट्झचा आकडा मोठा दिसावा म्हणून राखीव जागा किती खायची, हे कंपनी ठरवते. खोकं विकलं जातं त्या दिवशी तो आकडा चमकतो, झीज मात्र दोन वर्षांनी मालकाच्या टेबलावर दिसते. व्होल्टेज कोण ठरवतं याइतकंच, ते चुकल्यावर उत्तर कोण देतं, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे.

के-६ च्या माथ्यावर २.९ छापणाऱ्यांनी काही मोठी उदारता दाखवली नव्हती. तक्ता लावण्यासाठी आकडा लागायचा, म्हणून तो छापला. पण त्यामुळे चिप, बोर्ड आणि माणूस या तिघांनाही एकच आकडा माहीत असायचा. आजच्या चिपेच्या माथ्यावर तो आकडा सापडत नाही. निदान सेटिंगमध्ये तरी तो दिसावा, आणि बदलला तर सांगून बदलावा, एवढी मागणी करायला ओव्हरक्लॉकर असण्याची गरज नाही.